डाव्या सीटचा ब्रेक

सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत गाडी वळवायला जागा उरलेली नाही आणि त्याला एकच माणूस जबाबदार आहे. मनोहरराव भोयर. माझे शेजारी. त्यांच्याकडे एक फियाट, एक ॲम्बेसेडर आणि एक लाल मारुती आठशे आहे. तिन्हींची वयं मिळवली तर बेरीज शंभराच्या वर जाते. मी बावीस वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, त्यामुळे कुठली गाडी सकाळी किती वेळ खोकते हे मला माझ्या तब्येतीपेक्षा नीट ठाऊक आहे.

मनोहरराव मौद्याच्या वीज केंद्रात एका कंत्राटदाराकडे फिटर होते. निवृत्त झाले आणि माणसं देवळात जातात तसे ते भंगार बाजारात जायला लागले. फियाटचं दार एकीकडून, काच दुसरीकडून, आरसा तिसरीकडून. त्यांच्या पत्नी पुष्पलतावहिनी म्हणतात, "लोकायच्या घरी एक सवत येते, माझ्या घरी तीन आल्या, आन् तिन्ही पेट्रोल पितात."

या गाड्यांना कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नाही. एकदा माझ्या भाजीच्या पिशवीची कडी फियाटला घासली. ओरखडा इतका बारीक की मला तो चष्मा लावूनही दिसेना. मनोहररावांनी माझ्याशी महिनाभर अबोला धरला. मीही धरला. निवृत्त मास्तर असलो तरी मलाही मान आहे.

तर अशा माणसाने आपली लाल आठशे स्वतःच्या हाताने पार बदलून टाकली, ती बहिणीसाठी.

प्रेमिलाबाई त्यांची धाकटी बहीण. वय बावन्न. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. कुबड्यांवर चालते, समोरच्या खोलीत शिवणक्लास घेते, आणि हाताने चालवायच्या मशीनवर असा ब्लाऊज शिवते की इतवारी बाजारातल्या टेलरांनी येऊन पाहावा. आयुष्यभर ती जिथे गेली तिथे भावाच्या गाडीतून गेली. मनोहररावांनी कधी कंटाळा केला नाही, हे मी भांडखोर शेजारी असूनही सांगतो. पण काटोलला तिची लहानपणची मैत्रीण आहे, रंभाबाई. गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडत नाही. प्रेमिलाबाईला तिच्याकडे न्यायचं म्हणजे मनोहरराव बाहेर गाडीत बसणार आणि तासाभराने हॉर्न वाजवणार. चाळीस वर्षांत या दोघींचं बोलणं एकदाही पुरं झालं नव्हतं.

मागच्या दिवाळीत प्रेमिलाबाई म्हणाली, "भाऊ, मले गाडी शिकव. मले रंभीकडं एकटीले जायचं आहे. बाहेर कोणी थांबलेलं नको."

दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी आठशेच्या पुढच्या सीटा काढून अंगणात ठेवल्या.

चार महिने ठोकाठोकी चालली. माझी दुपारची झोप गेली. पण काम पाहायला मी रोज जायचो, खोटं कशाला बोलू? उजव्या हाताशी एक दांडा बसवला. पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की रेस. गिअरच्या दांड्यावर जुन्या स्कूटरचा क्लच चढवला. स्टिअरिंगवर लाकडाची गोल मूठ, एका हाताने फिरवायला. दांडा जड लागतो म्हणून प्रेमिलाबाईने तो तीनदा परत करायला लावला, आणि या माणसाने कुरकुर न करता तीनदा केला. मग आरटीओत खेटे घातले आणि बदललेल्या गाडीची रीतसर नोंद करून आणली. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी डाव्या सीटपुढे, स्वतःच्या पायाशी, एक जादा ब्रेक बसवला. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत असतो तसा.

"शिकेपर्यंत," ते मला म्हणाले.

प्रेमिलाबाई दोन महिन्यांत शिकली. सक्करदरा तलावाच्या रस्त्यावरून ती गाडी काढायची, तेव्हा पानठेल्यावरची पोरं बोलायची थांबत. पण मनोहररावांचा उजवा पाय त्या ब्रेकवरून काही हलला नाही.

परीक्षेच्या दिवशी मलाही नेलं. मागच्या सीटवर, बहुधा वजनाला. मैदानात एक चढ होता. त्यावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरू देता पुन्हा काढायची. परीक्षा घेणारे साहेब प्रेमिलाबाईच्या खिडकीशी उभे होते. तिने गाडी थांबवली. मग क्लच सोडत दांडा ओढला. गाडी चार बोटं मागे आली असेल, आता पुढे निघणार, तेवढ्यात गचकन थांबली आणि बंद पडली.

साहेबांनी वाकून दांड्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तर रेस दिली होती. मग ब्रेक कोणी मारला?"

मनोहरराव समोरच्या काचेतून असे बघत होते की जणू ते या गाडीत नाहीतच. मी म्हणणार होतो की गाडी जुनी आहे, होतं असं. माझ्या तोंडावर आलंही होतं.

"भावानं मारला," प्रेमिलाबाई म्हणाली.

साहेबांनी नापासाची खूण केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

घरी येईपर्यंत गाडी मनोहररावांनी ॲम्बेसेडरच्या सवयीने दोन्ही पायांनी पेडल शोधत चालवली, कारण त्यांना तो दांडा धड जमत नव्हता. प्रेमिलाबाई डाव्या सीटवर. गल्लीत शिरल्यावर ती एकदाच बोलली. "भाऊ, एवढी चांगली गाडी बनवली तू. मंग भरोसा कायच्यावर नाही तुले? तुझ्या कामावर, का माझ्यावर?"

मी मागे बसून खिडकीबाहेर बघत राहिलो. मला वाईट वाटलं, दोघांचंही.

आठ दिवस घरात दोघांचं बोलणं बंद. वहिनी इकडचा निरोप तिकडे पोचवत होत्या. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, मला ओळखीची ठोकाठोक ऐकू आली. जाऊन पाहतो तर मनोहरराव आठशेत डोकं खाली, पाय वर. त्यांनी तो जादा ब्रेक उखडला होता. नुसता उखडला नाही, तळाला त्याच्यासाठी पाडलेल्या भोकावर पत्रा ठेवून वेल्डिंगही मारून टाकलं.

"पुन्हा लावायचा म्हटलं तर?" मी विचारलं.

"म्हणूनच तर बुजवलं ना, गुरुजी. आपलाच पाय, आपल्याले मालूम आहे."

तो ब्रेक फडक्याने स्वच्छ पुसून ते शिवणाच्या खोलीत गेले आणि बहिणीच्या टेबलावर ठेवला. "घे वं. कापड बेतताना वजन म्हणून ठेवत जा. चांगलं लोखंड आहे."

प्रेमिलाबाईने तो हातात तोलून पाहिला. मग म्हणाली, "चहा घेशील?" आणि त्या घरातला अबोला संपला.

दुसऱ्या परीक्षेला डाव्या सीटवर साहेब स्वतः बसले. मनोहरराव फाटकाबाहेर लिंबाखाली माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचा उजवा पाय जमीन दाबत होता. ती पास झाली.

मग काटोलचा दिवस आला. मनोहररावांनी तीनदा हवा तपासली, डिकीत जास्तीचा फॅनबेल्ट टाकला. प्रेमिलाबाई सकाळी नऊला निघाली. साडेदहाला फोन आला. "पोचली मी. आता फोन नको करू. निघाली की सांगीन."

दुपारी दोनला मनोहररावांनी ॲम्बेसेडरची किल्ली उचलली. वहिनींनी ती त्यांच्या हातातून घेऊन कणकेच्या डब्यात टाकली. मग आम्ही दोघे ओट्यावर बसलो. मी त्यांना पेपर वाचून दाखवला, त्यांनी एक अक्षर ऐकलं नाही. चारच्या सुमाराला तिचा निघाल्याचा फोन आला, तेव्हा कुठे ते पाणी प्याले.

साडेपाचला लाल आठशे गल्लीत शिरली. मागच्या सीटवर काटोलच्या संत्र्यांची पेटी. आणि डाव्या बाजूला, पुढच्या दिव्यापासून थेट मागच्या दारापर्यंत, लांबच लांब पांढरा ओरखडा. रंभाबाईच्या फाटकाचा खांब घासला होता.

गल्ली जमली. सगळ्यांना माझ्या भाजीच्या पिशवीची गोष्ट ठाऊक होती. मनोहररावांनी चष्मा पुसला, वाकले, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो ओरखडा बोटाने चाचपला.

"किती वेळ बसली वं तिच्याकडं?" त्यांनी विचारलं.

"पाच तास. रंभी उठूच देऊन नाही राहिली होती."

"पाच तास!" ते आमच्याकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच लपवू कशाला?

आता जुन्या गाड्यांचे शौकीन लोक त्यांच्याकडे येतात. मनोहरराव त्यांना फियाटचा चकचकीत बंपर दाखवतात, ॲम्बेसेडरचं मूळचं घड्याळ दाखवतात. शेवटी लाल आठशेकडे नेतात. पाहुणे त्या दांड्याचं, त्या स्कूटरच्या क्लचचं कौतुक करतात. मनोहरराव ऐकून घेतात आणि त्यांना डाव्या बाजूला आणतात. "हे पाहा. हे काटोलचं आहे. माझी बहीण एकटी गेली होती."

एका पाहुण्याने रंगवून देणाऱ्या चांगल्या माणसाचा नंबर देऊ केला. त्याला चहा मिळाला नाही.

परवा मी सहज त्या ओरखड्यावर बोट फिरवायला गेलो, तर मनोहररावांनी माझा हात बाजूला केला.

"हात नका लावू, गुरुजी. पुसून जाईन."