आईचं अर्धं वाक्य

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर मापं घ्यायची, चुका काढायच्या. घरी येऊनही तेच करतो असं बायको म्हणते. कुणी अनुभव-बिनुभव सांगायला लागलं की मी तिथल्या तिथे त्याची सालटी काढायचो. आता माझी काढा.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मी, बायको वैशाली आणि माझी आई. दीड वर्षापूर्वी आईला स्मृतिभ्रंश असल्याचं कळलं. डॉक्टर सरळ बोलले, "फार उशिरा आणलंत." मी घरी येऊन वैशालीवरच खेकसलो, "दिवसभर घरात तू असतेस, तुला दिसलं नाही?" ती बिचारी उठून आईचं ताट वाढायला गेली.

आई माणसं विसरायला लागली, जेवलेलं विसरायला लागली. पण मी घरात पाऊल टाकलं की एक प्रश्न ठरलेला... "सांगितलेलं केलंस का रे?" काय सांगितलेलं, ते तिला आठवायचं नाही आणि मला तर मुळीच नाही. "केलं" म्हटलं की म्हणायची, "खोटं बोलतोस." मग रडायची, लहान मुलीसारखी हुंदके देऊन. रोज! शेवटी शेवटी मी मुद्दाम स्टेशनवरून चालत यायचो. घरी जायची भीती वाटायची मला.

गेल्या डिसेंबरात कारखान्यातला सावंत म्हणाला, "रविवारी खडवलीला एक दिवसाचं मौन शिबिर आहे. चल, नाहीतर तुझं डोकं फिरेल." दुपारी पिठलं-भाकरी असते म्हणाला म्हणून गेलेलो, खोटं कशाला बोलू. नदीजवळ एक साधा हॉल, सतरंज्या, तीसेक माणसं. शिकवायला एक रिटायर्ड शाळामास्तरीण बाई. म्हणाल्या, "आपण ज्या क्षणी हजर नसतो, तो क्षण आपल्यापुरता व्हायचाच राहतो. आता फक्त श्वासाकडे लक्ष द्या." मी मनात म्हटलं, झालं सुरू!

दहा वाजता डोळे मिटले. गुडघा ठणकायला लागला. मग एकदम ठणकायचा थांबला, कारण मी घरी होतो.

स्वप्न नव्हतं ते. फोडणीचा वास येत होता. मी दाराजवळ स्टुलावर वाकून सेफ्टी शूजच्या लेस बांधत होतो, मांडीवर फोन, आणि त्यावर सुपरवायझरचा मेसेज. तो मेसेज तीन वर्षांपूर्वीचा होता. समोर आईची पावलं.

"अरे, जरा ऐक ना, मला हल्ली..."

"येतो गं," माझं तोंड बोललं. मी उठलो, उंबरठा ओलांडला... आणि पुन्हा स्टुलावर. लेस, फोन, पावलं.

"अरे, जरा ऐक ना, मला हल्ली..."

"येतो गं."

आमच्याकडे एक पद्धत आहे, तुमच्याकडेही असेल. माणूस 'येतो' म्हणून निघाला की मागून हाक मारायची नाही. आईने ती इतकी पाळली की मी डबा विसरलो तर हाक न मारता गुपचूप लिफ्टपर्यंत मागे यायची. त्यामुळे मी 'येतो' म्हटलं की तिचं बोलणं तिथेच संपायचं. त्या दिवशीही संपलेलं. उरलेलं वाक्य तिने गिळलेलं, मी ते कधी ऐकलंच नव्हतं!

किती वेळा झालं माहीत नाही. मान वर करायला गेलो, होईना. दात आवळले तरी 'येतो' बाहेर पडायचंच. खडवलीच्या हॉलमध्ये डोळे उघडायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण ते डोळे माझ्या ताब्यातच नव्हते. मी आत कोंडला गेलेलो आणि बाहेरचा मी मजेत लेस बांधत होतो. इतका राग मला कुणाचा आला नसेल.

मग दमलो. सुटायची धडपड सोडून दिली आणि समोर दिसत होतं तेच नीट बघितलं. आईच्या टाचांना भेगा होत्या. उजव्या पायाचा अंगठा ती डाव्या पावलावर घासत होती. घाबरली की ती असं करते. मी ते बघत राहिलो आणि 'येतो' आलंच नाही.

"...मला हल्ली आठवत नाही रे. काल तुझं नाव आठवेना, देवापुढे बसले तेव्हा आठवलं. डॉक्टरकडे एकटीला जायची भीती वाटते. तू चल माझ्याबरोबर. वैशालीला नको सांगूस, घाबरेल ती."

सावंत माझा खांदा हलवत होता. "अरे, घंटा होऊन किती वेळ झाला!" डिसेंबरात माझा शर्ट घामाने भिजलेला. पिठलं-भाकरीला न थांबता निघालो.

घरी पोचलो तर वैशाली दारातच रडकुंडीला आलेली. "अरे, आज आईंनी फार घाबरवलं. दहा वाजता उठल्या आणि चपलांच्या स्टँडपाशी जाऊन उभ्या राहिल्या. 'अरे, जरा ऐक ना, मला हल्ली' एवढंच बोलायच्या आणि थांबायच्या. परत तेच, तासभर! घसा बसला त्यांचा. बसवायला गेले तर हात झटकला. मग एकदम सगळं बोलल्या. हल्ली आठवत नाही म्हणाल्या, काल तुझं नाव..."

"देवापुढे बसले तेव्हा आठवलं," मी म्हटलं. पुढचंही सगळं म्हटलं, शब्दन् शब्द. मग मी वैशालीला सांगितलं, "तुझी काही चूक नव्हती. ती मलाच सांगत होती." आणि मी रडलो, पन्नाशीला आलेला माणूस, बायकोसमोर.

सावंत म्हणतो, मनात दडलेली आठवण वर आली. पण जे मी ऐकलंच नव्हतं ते कुठे दडेल? डॉक्टर नुसते हसले. तुमच्याकडे उत्तर असेल तर जरूर कळवा. फक्त 'योगायोग' असा एक शब्द लिहून मोकळे होऊ नका.

त्या दिवसापासून आईने तो प्रश्न कधीच विचारला नाही. त्याच संध्याकाळी मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "आई, चल, डॉक्टरकडे जाऊ. मी आहे तुझ्याबरोबर."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. हसली. बसलेल्या आवाजात म्हणाली, "नको हो, तुम्ही कशाला त्रास घेता? मुलाला सांगितलंय मी. तो येईलच आता."