बाबांची मिशी आणि महागावची मतं

एकाच यवतमाळ जिल्ह्यात राहून आमच्या घराला तीन खासदार आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, मोठं घराणं असेल. तसं काही नाही. आम्ही तिघी बहिणी, कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्याच्या पोरी. माहेर राळेगाव तालुक्यात, तिथला खासदार यवतमाळचा. मोठी बहीण दिली महागावकडे, तिचा खासदार हिंगोलीचा. मधली मारेगावकडे, तिचा चंद्रपूरचा. कलेक्टर मात्र तिघींचा एकच. नकाशावर ज्याने कुणी या रेघा मारल्या, त्याच्या घरी लेकी नसाव्यात.

परवाच्या लोकसभेचा निकाल मी एकटीने मोबाइलवर पाहिला. मोठीने तिच्याकडचा पाहिला, मधलीने तिच्याकडचा. संध्याकाळी फोनवर एक हसत होती, एक कुरकुरत होती. पाच मिनिटांत बोलणं संपलं. मला तर रागच आला. निकाल काय असा पाहतात?

आमच्या माहेरी निकाल म्हणजे सण होता. तो यायचाही मोक्याला. उन्हाळा संपत आलेला, पेरणीला अवकाश, लेकी माहेरी आलेल्या, आंबे पिकायला टाकलेले. आई पहाटेच कणकेच्या बारीक वाती काडीला गुंडाळून सरगुंडे करायला बसायची, कारण रसाबरोबर जावयांना सरगुंडेच लागायचे. टीव्ही आतल्या खोलीतून ओसरीवर यायचा. अर्धं गाव अंगणात. राज्यातल्या जागांचे आकडे पडद्याच्या तळाशी पळत, आणि आपल्या मतदारसंघाचं नाव दिसलं की नेमकी लाइन जायची. मग विजेच्या खात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. 

त्यातला एक निकाल मात्र आमच्या घरात विसरणं शक्य नाही.

त्या वर्षी बाबांनी एका उमेदवाराला मनावर घेतलं होतं. का, ते विचारू नये. गावच्या नाल्यावरच्या पुलाचा शब्द त्याने दिला होता आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता. एवढं बाबांना पुरेसं होतं. गावातली मतं मागून झाली, आजूबाजूची झाली. मग त्यांना महागाव आठवलं. तिकडे मोठी लेक दिलेली, दोन चुलत आत्या तिकडे, आईच्या मावसभावांचा अख्खा गोतावळा तिकडे. "आपले सोयरे कोन्या दिवशी कामी येतीन?" म्हणाले आणि एसटीत बसले.

आता हिंगोलीच्या मतदारसंघात जाऊन यवतमाळच्या उमेदवारासाठी मतं मागणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात माझे बाबा एकटेच असतील. जिल्हा एक म्हणजे खासदार एक, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मधल्या काळात मतदारसंघ फिरले, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. महागावकडे आपल्या माणसाचा एकही फलक नाही, हे त्यांना दिसलं. पण त्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की म्हणूनच आपली इथे गरज होती.

मोठ्या भाऊजींनी, म्हणजे थोरल्या जावयांनी, त्यांना मोटारसायकलवर बसवून घरोघरी हिंडवलं. प्रत्येक घरी चहा झाला, काही ठिकाणी जेवण झालं. प्रत्येक घरी बाबांनी हात जोडले आणि प्रत्येक घराने शब्द दिला, "तुमचाच मानूस, पाव्हने. काळजीच करू नोका." दारात आलेल्या व्याह्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. माणूस यंत्रावरच नाही, तर त्याला मत द्यायचा शब्द द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

बाबा परत आले ते छाती फुगवून. पारावर बसलेल्यांनी छेडलं, "तुमचा मानूस काही लागत नाई यंदा." बाबांनी सगळ्यांसमोर मिशीवर हात फिरवला. "नाई लागला त ही उतरवून ठेवीन. महागाव पुरं बांधून आलो मी."

बाबांची मिशी साधी नव्हती. तिला रोज खोबरेल लागायचं आणि आरशासमोर तिचा वेगळा वेळ असायचा. आई म्हणायची, माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त.

निकालाच्या दिवशी सकाळपासून आमचा माणूस मागे. अंगण गप्प होत चाललं. बाबा निवांत. "महागावच्या पेट्या उघडू द्या," एवढंच म्हणत होते. फेरी झाली, दुसरी झाली. दुपार कलली तरी तेच, महागावच्या पेट्या उघडू द्या. शेवटी त्यांनीच टीव्हीकडे पाहून वैतागून विचारलं, "अजून महागाव मोजलं काहून नाई?"

भाऊजी रसाची वाटी तोंडाला लावणार होते. ती त्यांनी खाली ठेवली.

"मामाजी, महागाव हिंगोलीत मोजतेत."

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू सगळीकडे पसरलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमाले माईत होतं, जवाईबापू?"

"माईत होतं. पन तुमी येवढ्या उन्हात आलते. दारातच कसं सांगू? मंग म्हनलं, या घरी सांगतो, पुढच्या घरी सांगतो. तुमी लय खुशीत होते, मामाजी."

खरं सांगते, मला त्या क्षणी भाऊजींची दया आली. वाईट मनाचा माणूस असता, तर पहिल्याच चौकात सांगून मोकळा झाला असता. पण बाबांना गावासमोर झालेली थट्टा सोसली नाही. त्यांनी पान सारलं आणि उठले. त्या दिवसापासून ते थोरल्या जावयाशी बोलले नाहीत. मोठी ताई स्वयंपाकघरात सरगुंड्यांच्या परातीपुढे बसून रडत होती. तिला एकच भीती होती, आता माहेर तुटतं की काय.

संध्याकाळी निकाल लागला. आमचा माणूस पडला. बाबांनी कुणाची वाट पाहिली नाही, न्हाव्याला बोलावणं धाडलं. तो पेटी घेऊन आला आणि तेवढ्यात आतून आबाजी आले. आबाजी म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. नव्वदीकडे झुकलेले, कानाने मंद, पण डोक्याने साफ.

"कोन मेलं?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे बाप जिवंत असेपर्यंत मुलगा मिशी काढत नाही. ती बापाच्या दहाव्यालाच उतरते. बाबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पारावर बोलताना मात्र आपला बाप घरी बसला आहे, हे ते विसरले होते.

"शब्द देल्ला मी चारचौघांत," बाबा म्हणाले.

"त मी जिता हाय का नाई, हेबी चारचौघांले इचार." आबाजी ओसरीवर टेकले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि न्हाव्यासमोर तोंड पुढे केलं. "शब्द या घरातून गेलता. मिशी याच घरातली जाईन. माहा बाप कवाच गेला, मले कोनाची मनाई नाई."

बाबा आडवे आले. आबाजींनी त्यांना हाताने बाजूला केलं. पांढरी शुभ्र मिशी खाली पडली. मग आबाजी काठी टेकत पारापर्यंत गेले, सगळ्यांना तोंड दाखवून आले, आणि येऊन आईला म्हणाले, "रस राह्यला असन त वाढ व माय. आता मिशीले लागत नाई." सगळे हसले. बाबा सोडून.

पैज फिटली, पण अबोला फिटला नाही. भाऊजी पोळ्याला आले. बाबा शेतात निघून गेले. ताईने हरप्रकारे सांगून पाहिलं, आईने जेवण सोडून पाहिलं. बाबांचं एकच, "त्यानं मले घरोघरी हिंडवलं." आबाजी भाऊजींना जवळ बसवून घेत, कापसाचं, बैलांचं विचारत, आणि बाबांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणत, "चांगल्या मानसालेच खरं बोलता येत नाई लवकर."

कापूस फुटायच्या सुमारास आबाजी गेले. दुखणं असं काही नव्हतं. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत गेले. ओठांवर तेव्हा पांढरी मिशी पुन्हा भरून आली होती.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. आम्ही बाया वरच्या बाजूला बसलो होतो. तिथून सगळं दिसत होतं. न्हाव्याने बाबांचं डोकं केलं, दाढी केली, आणि वस्तरा मिशीकडे नेला, तसा बाबांनी तिच्यावर तळहात दाबून धरला. निकालाच्या दिवशी जी काढायला स्वतः न्हावी बोलावला होता, तिला आता हात लावू देईनात. न्हावी थांबला. भावकीतले थांबले. कुणाला पुढे व्हावंसं वाटेना.

भाऊजी उठले. बाबांसमोर ओल्या वाळूत उकिडवे बसले आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन खाली आणला. बाबांनी तो सोडवून घेतला नाही. इतक्या महिन्यांनी ते जावयाशी पहिल्यांदा बोलले, आणि त्यांचा आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला.

"जवाईबापू, आता मले काढू नोको म्हननारं कोनी नाई राह्यलं."