वालबुर्गाचा बुटका स्प्रूस

आमच्या बव्हेरियातल्या गावात नवरा गेला की बायकोची परीक्षा सुरू होते, आणि ती थडग्यावर. तण दिसलं, फुलं सुकली, की बघणारे बघतातच. वालबुर्गा या परीक्षेत कायम पहिली. नवऱ्याच्या, अलोइसच्या थडग्यावर तिने बुटका स्प्रूस, ख्रिसमसच्या झाडाच्या जातीचा, लावला होता. वर्षाला जेमतेम बोटाच्या पेराएवढा वाढणारा, खाली रुंद, वर टोकदार. एक काडी इकडची तिकडे नाही.

पण बाईच्या जिभेला हाड नव्हतं. शेजारचं थडगं आनेलोरेच्या नवऱ्याचं. दोन लेकरं आणि कारखान्याची पाळी सांभाळून ती यायची, तिचा स्प्रूस विस्कटलेला. "काय गं, नवरा गेला म्हणजे सुटलीस असं वाटलं का?" वालबुर्गाने तिला चर्चच्या दारात सगळ्यांदेखत विचारलं होतं.

त्या उन्हाळ्यात वालबुर्गाला झाड आणखी रेखीव करायची हौस आली. कात्री खोल गेली आणि आनेलोरेच्या बाजूला वाळकं, तपकिरी भगदाड पडलं. जुन्या लाकडाला पुन्हा हिरवं फुटत नाही, हे तीच गावभर शिकवायची. आता नोव्हेंबरात सर्वसंतांच्या दिवशी अख्खं गाव थडग्यांपाशी उभं राहणार! आदल्या दिवशी तिने भगदाडात तोडलेल्या फांद्या तारेने बांधल्या. मी तिची शेजारीण, तार माझ्याच घरची.

"कुणाला बोललीस तर बघ," तिने मला दम दिला.

दुसऱ्या दिवशी फादर पवित्र पाणी शिंपडत आले. त्यांच्या झग्यात अडकून फांद्यांचा झुबका तारेसकट वाटेवर पडला. सगळ्या माना वळल्या. वालबुर्गा पांढरीफटक.

"अगंबाई, माझा पडला वाटतं," म्हणत आनेलोरेने तो उचलला आणि भगदाडासमोर आडवी उभी राहिली.

"तुझं कधी काही धड असतं का?" मागून कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

माझा आहे, एवढंच वालबुर्गाने म्हणायचं होतं. ती खाली मान घालून प्रार्थना पुटपुटत राहिली. मला तिची इतकी लाज वाटली की मी दुसरीकडे बघितलं. मीही बोलले नाहीच म्हणा.

लोक कॉफी-केकला घरोघरी पांगले. आनेलोरेने झुबका पुढे केला. "घ्या काकू, बांधून टाका. मी बघते कुणी येतंय का."

वालबुर्गा गुडघ्यांवर बसली. तिच्याकडून तार काही केल्या पिळली जाईना. शेवटी ती आनेलोरेनेच पिळली.