पाहुण्यांनी टाकलेल्या गोळ्या

त्या डब्याचं झाकण उघडलं तेव्हा आतून जो वास आला, तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली कधीतरी आत कलंडली होती. त्या चिकट पाकात सुट्या गोळ्या, कात्रीने कापलेले पाकिटांचे तुकडे, मेलेल्या मुंग्या आणि एक लांब सोनेरी केस. साधा बिस्किटांचा डबा, गोव्यात हरमलला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत वर्षानुवर्षं बसलेला. त्यातलं काहीतरी माझी आई माझ्या बाबांना रोज खायला घालत होती.

घरामागे आमच्या चार खोल्या आहेत, परदेशी पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. पाहुणा गेला की आई खोली झाडायला घेते. वाळूने भरलेले टॉवेल, केसांनी माखलेले कंगवे, अर्ध्या संपलेल्या क्रीमच्या नळ्या, हे सगळं नाक मुरडत फेकून देणारी बाई औषध दिसलं की मात्र थांबायची. न्हाणीघरातल्या कचऱ्याच्या बादलीतून उचललेलं पाकीटसुद्धा पदराला पुसून डब्यात जायचं. एकदा मी ते हिसकावून घेतलं तर माझ्यावरच खेकसली, "टाकतंस कित्याक? फॉरेनची ती. हयच्या गोळ्यांचो गुण येना."

तेव्हा मी हसले होते. त्या हसण्याचीही आता किळस येते.

माझं सासर साखळीला. शनिवारी दुपारी स्कूटर काढून हरमलला यायचं आणि रविवारी परतायचं, हा माझा क्रम. मार्चपासून दर खेपेला बाबा थोडे थोडे कमी झालेले दिसायचे. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव चहात बुडवता बुडवता डोळे मिटायचे आणि पाव कपातच विरघळून जायचा. पायरी उतरताना भिंत धरायचे. माझा बाप पहाटे किनाऱ्यावर जाऊन रापणीचं जाळं ओढायला हात लावणारा माणूस. जाळं वर आलं की वाट्याचे चार बांगडे घेऊन घरी यायचा. आता तो किनाऱ्यापर्यंत जाऊन वाळूतच बसून राहायचा. वय झालं, असं मी स्वतःला सांगून मोकळी झाले. एवढंच नाही, रापणीला जाणं बंद कर म्हणून त्यालाच दटावलं.

एका पहाटे तो निघाला आणि अंगणातच कोसळला. कपाळ फुटलं, मनगट मोडलं.

पेडण्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "हे काय काय घेतात?" मी रुबाबात रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची नावं सांगितली. "ते मी लिहून दिलेलं," डॉक्टर म्हणाले. " घरात जे असेल ते सगळं घेऊन या."

घरी येऊन आईला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "जनेलार डबो आसा, तो हाड." तेव्हा कुठे मी त्या खिडकीतला डबा उघडला. तो आणि आई, दोघांना घेऊन परत पेडण्याला गेले.

डॉक्टरांनी तो टेबलावर पालथा केला नाही. हातमोजे घातले आणि चिमट्याने एकेक वस्तू बाहेर काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने मात्र न लाजता एका पांढऱ्या बाटलीवर बोट ठेवलं. "ही. पाय दुखतत म्हणान रातची एक देतंय. बरी झोप लागता तेंका." बाटलीवरची अक्षरं रशियन. डॉक्टरांनी फोनचा कॅमेरा त्यावर धरून वाचलं. झोपेचं औषध होतं ते, तेही जबर. त्याची गुंगी सकाळपर्यंत उतरत नव्हती आणि त्या गुंगीतच हा म्हातारा पहाटे समुद्राकडे चालत जात होता. अंगणात पडला म्हणून वाचला.

डबा तिथेच ठेवून आम्ही निघालो. घरी आल्यावर मी आईला नको नको ते बोलले. दुसऱ्याची घाण घरात आणतेस, नवऱ्याच्या तोंडात घालतेस, तुला लाज नाही? त्यात शेजारीण दारात आली. "वयनी, ती फॉरेनची गोळी आसा काय गे? कंबर दुखता." म्हणजे अख्ख्या वस्तीला हा प्रसाद मिळत होता! मी तिलाही हाकललं.

ती गेल्यावर आई हळूच म्हणाली, "पयली गोळी तूच दिलंस गो. तेंचा डोक्या दुखत होता."

मला सगळं आठवत होतं. कॉलेजात होते, सुट्टीत खोल्या झाडत होते. उशीखाली एक सुंदर निळी बाटली सापडली. बाबांच्या तळहातावर तिच्यातली गोळी ठेवून मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले होते, "आये, ही तिकडची. हयच्यासारखी भेसळ नसता." आईने तेव्हापासून माझा शब्द पाळला. शिकलेल्या लेकीचा शब्द.

आता सकाळ-संध्याकाळचे कप्पे असलेली डबी मी आणली आहे. शनिवारी आठवड्याच्या गोळ्या भरते, पाकिटं न कापता नावासकट जपून ठेवते. बाबा सावरले, पहाटे किनाऱ्यावर जातात. पण मी गोळी पुढे केली की ते ती लगेच घेत नाहीत.

"ही खयची?" विचारतात. "नाव वाच."

मी पाकिटावरचं नाव वाचते. ते आईकडे बघतात, ती मान हलवते, आणि मगच ते तोंड उघडतात.