बर्फावर राबाची राख

इथले अनुभव मी नेहमी वाचतो आणि मनातल्या मनात प्रत्येकाला कारण शोधत बसतो. झोप झाली नसेल, ताप असेल, भास असेल... खोपोलीच्या एका कारखान्यात, लॅबमध्ये माझं आयुष्य गेलं. धूर, राख, वास हे तर रोजचेच. म्हणूनच, राखेचाच अनुभव मला यावा याचं आजही नवल वाटतं.

मी राहतो कर्जतला. दादा, माझा मोठा भाऊ, पोशीरला. घरची भातशेती तोच बघायचा. मे महिन्यात मी एका कामाला मात्र हमखास जायचो – राब भाजायला. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तिथे शेण, पाला, ऐनाच्या फांद्या रचून पेटवतात, तो राब. हे काम एकट्याने करत नाहीत. एकजण पेटवतो, दुसरा ओला ढाळा, म्हणजे पानांची फांदी, घेऊन वाऱ्याच्या अंगाला उभा राहतो, आग बाहेर पडली तर झोडपायला. वडील गेल्यापासून ती दुसरी जागा माझी होती.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायकोने युरोपची टूर बुक केली. आता जे लिहितोय ते बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं की दादा म्हणायचा, "बापू, एकदा इमानात बसव रं मला. खिडकी तुला, मी आपला मधी बसंन." मी हसायचो. नेणं अशक्य नव्हतं. पण टूरवरची ती माणसं, ते काटे-चमचे आणि त्यांच्यात मोठ्याने बोलणारा दादा... मला लाज वाटली. म्हणून त्याला सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे, पुण्याला चाललोय. आल्यावर राब भाजू.

"लवकर ये रं," एवढंच म्हणाला. "आभाळाचा भरवसा नाय."

परदेशात फोनची रिंग वेगळी वाजते. ती ऐकून दादाला कळेल, म्हणून एअरपोर्टवरच मी फोन बंद करून टाकला.

स्वित्झर्लंडचे पहिले दोन दिवस स्वप्नासारखे गेले. रस्त्यावर एक हॉर्न नाही. रात्रीच्या जेवणाला बसलो तरी बाहेर लख्ख ऊन. बायकोला घासच उतरेना. बाथरूमच्या नळाचं पाणी प्यायचं म्हटल्यावर तिने ते आधी मला पाजलं. डोंगरउतारावर भल्यामोठ्या घंटा बांधलेल्या गाई बघितल्या आणि वाटलं, दादा म्हणाला असता, हितं रोजच पोळा दिसतोय. गंमत बघा – ज्याला टाळून आलो होतो, त्यालाच मी प्रत्येक गोष्ट मनात सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी आम्हाला बर्फाच्या डोंगरावर नेलं. सगळे बर्फ उडवत, फोटो काढत होते. मीही मूठभर उचलला... आणि धुराचा वास आला. शेणाचा, ओल्या पाल्याचा. राबाचा वास मी झोपेतही ओळखीन. पाठोपाठ अंगाची आग आग व्हायला लागली. मी जॅकेटची चेन ओढली.

बायको घाबरून जवळ आली. "अहो, इथे राब कोण भाजतंय?" तीच म्हणाली, मी नाही.

ग्रुपमधल्या नाशिकच्या एक काकू पुढे आल्या. "भाऊ, खांद्यावर राख पडलीय हो तुमच्या," म्हणत त्यांनी ती हाताने झटकली. बर्फावर काळे कण पडले आणि त्यांच्यात एक अर्धवट जळलेलं पान. ऐनाचं. मी ते खिशात ठेवलं.

संध्याकाळी हॉटेलवर न राहवून फोन चालू केला. गावातल्या चुलतभावाचे मेसेजवर मेसेज. आभाळ भरून आलं, रचलेला राब भिजेल म्हणून दादाने दुपार कलताना एकट्यानेच पेटवला. वहिनी खालापूरला लग्नाला गेली होती. वारा फिरला. शेवटचा मेसेज दादा गेल्याचा होता. तिथली आणि इथली वेळ जुळवून पाहिली. जुळत होती.

मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. पुण्याहून यायला एवढा वेळ लागतो का, कुणीतरी म्हणालंच. मी खाली मान घालून फोन बिघडल्याचं सांगितलं. तेव्हाही खरं बोललो नाही.

मग वहिनीने विचारलं, "भावजी, तुमी पुण्याला होता ना? मग हे दवाखान्यात सारखं बरफ बरफ काय म्हणत होते? बापू बरफात हाय, म्हणाले. त्याला घोंगडी द्या."

"ग्लानीत बोलला असेल," मी म्हणालो आणि उठून बाहेर गेलो.

यंदा राब वहिनीने आणि मी भाजला. पेटवायला मी, ढाळा घेऊन वहिनी. आग बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं – टूर, विमान, लाज, बंद फोन. ती कडेचे निखारे झोडपत राहिली.

"म्हंजे बरफातच होता तुमी."

"हो."

"थंडी लागली होती?"

"नाही वहिनी. अंग भाजत होतं."

तिचा हात थांबला. मग म्हणाली, "ह्यांना थंडी वाजत होती, भावजी. एवढं भाजलेलं माणूस, पर शेवटपर्यंत कुडकुडत होतं."

भाजलेल्या माणसाला थंडी वाजते, हे मला माहीत आहे. डॉक्टरही तेच सांगतील. पण बर्फाचं दादाला कुणी सांगितलं? त्या पानाचा खिशात चुरा झाला होता. तो एका बाटलीत भरून लॅबच्या कपाटात ठेवलाय. तपासायला फार वेळ लागणार नाही... अजून तपासलेला नाही.