सुनेशी बोलण्यापुरतं चिनी

माझी शाळा चौथीपर्यंत. चिनी शिकायला बसले ती सत्तरी उलटल्यावर, आणि हौस म्हणून नाही. मुलगा चीनमध्ये एका कारखान्यात नोकरीला होता. लग्नही तिकडच्याच मुलीशी केलं. दर रविवारी दुपारी सून व्हिडिओ कॉल लावायची, नात पडद्यावर दिसायची आणि मुलगा मध्ये बसून इकडचं तिकडे सांगायचा. मग तो गेला. हृदय बंद पडलं. सुनेने रविवारचा फोन सोडला नाही, पण सांगणारा उरला नाही. आम्ही नुसते हात हलवायचो. नात आठ वर्षांची. बापाकडून शिकलेलं मराठी ती विसरत चालली होती. "आजी, जेवलीस?" एवढं बरेच दिवस टिकलं. मग तेही गेलं.

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरातली पुढची खोली मी भाड्याने देते. त्या वर्षी तिथे चिनी शिकणारी एक मुलगी राहत होती. तिला म्हटलं, "मला शिकव. अक्षरं नकोत. बोलता आलं की पुरे."

तिने शकणं, हवं असणं, पाहिजे असल्या शब्दांपासून सुरुवात केली. म्हणाली, "आजी, हे आले की अर्धं काम झालं. पुढे खाणं, येणं, जाणं नुसतं जोडायचं. मी, तू, ती, कुणीही असो, शब्द बदलत नाही."

"म्हणजे सासूला आणि सुनेला एकच?"

"एकच."

"सोय आहे त्यांची."

आपण जिथे शकणं म्हणतो, तिथे त्यांच्यात तीन शब्द. ती वहीतून वाचायची, माझ्या डोक्यात काही शिरेना. शेवटी पोळ्या लाटताना माझं मीच लावून घेतलं. मला पोळ्या येतात, कारण मी शिकले, तो ह्वे. आज मनगट दुखत नाही म्हणून करू शकते, तो नंग. आणि सुनेच्या ओट्यावर करायच्या तर ती करू देईल तेव्हा, तो खयी.

"आमच्या सरांनी इतकं सोपं नाही सांगितलं," मुलगी म्हणाली.

"सर पोळ्या करत नसतील."

मनातून करावंसं वाटतं त्याला श्यांग. आधी बू लावला की वाटत नाही; वो म्हणजे मी. आणि केलंच पाहिजे, सुटका नाही, तो बीश्यू. हा मला लगेच पाठ झाला.

मुलाचं वर्षश्राद्ध जवळ आलं. नात त्या दिवशी इथे हवी, पुढे सुट्टीभर माझ्याजवळ राहायला हवी, असं मी ठरवून टाकलं. मुलीला म्हटलं, "वाक्य करून दे. नातीला इकडे पाठवलंच पाहिजेस."

"आजी, हे फार कडक होतं. पाठवशील का, असं विचारा ना."

"सुनेला विचारायचं नसतं, सांगायचं असतं."

तीन दिवस घोकलं. रविवारी सून समोर आली, नात तिच्या मांडीवर. मी बीश्यू घालून वाक्य म्हटलं, एकही चूक न करता. नातीने आईच्या बाहीला धरलं, मग मांडीवरून उतरली आणि पडद्याबाहेर गेली. तिच्या भाषेत मी तिच्यासमोर बोललेलं ते पहिलं पुरं वाक्य. तिला त्यातून एवढंच कळलं असेल, की ही बाई मला आईपासून तोडून न्यायला बसली आहे.

पुढचे चार रविवार फोन आला नाही. श्राद्ध झालं, पान वाढलं, कावळा शिवला. नात नव्हती.

मग मुलीकडून मी दुसरं वाक्य घेतलं. मला तिला बघता येईल का? खयी घालून. उभ्या आयुष्यात मी कुणाला असं विचारलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. पाचव्या रविवारी मीच फोन लावला. मुलगी शेजारी बसली होती. सुनेने ऐकलं, लगेच म्हणाली, "खयी, खयी." तिचे डोळे भरले होते. उठून आत गेली.

आतून नातीचा आवाज आला. चांगला खणखणीत. "वो बू श्यांग."

सून परत आली, हसून काहीतरी बोलली. मुलगी मान खाली घालून मला सांगू लागली, "आजी, त्या म्हणतायत, तिला खूप अभ्यास आहे. आज येऊ शकत नाही."

सुनेने नंग म्हटलेला मी ऐकला होता. त्याआधी आतला श्यांगही ऐकला होता. माझ्यासाठी खोटं बोलायचं तिला काही अडलं नव्हतं, तरी ती बोलली. मी म्हटलं, "खयी." चालेल.

फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, "पुढच्या रविवारी येईल ती, आजी."

"तुला कळलंय, मलाही कळलंय. जा, अभ्यास कर."

पुढच्या रविवारी फोन सुनेचाच आला. एकटीच होती. मग नवऱ्याकडून कधीतरी उचललेलं तिने अडखळत म्हटलं, "आई, जेवलात?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते.