वैशाखात व्यालेली म्हैस

मेडशी गावाच्या अलीकडे आडरस्त्याला एक तांडा आहे. तिथं हिरीबाई राठोडचं घर. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि हिरीबाई व तिचा नवरा धरमसिंग ऊसतोडीला निघून जातात. होळीनंतर कधीतरी परततात. मागे राहायची धरमसिंगची आई धुरपताबाई, आणि दावणीला एक म्हैस.

म्हैस हिरीबाईच्या माहेरची. लहान वगार होती तेव्हापासून तिनंच वाढवलेली. पण तिची व्यायची वेळ नेमकी नवरात्र-दिवाळीच्या मधात येई. हिरीबाई चीक काढी, वगारू पायावर उभं करी, धारा सुरू होत आणि ट्रक दारात येऊन उभा राही. धुरपताबाईच्या हाताला म्हैस पान्हा सोडत नसे. पहिल्या वेताला नर, हाल्या झाला, तो हगवणीनं गेला. दुसऱ्या वेताची वगार पौषातल्या थंडीत आखडून मेली. दोन्ही वेळा हिरीबाईला ते फडावर, फोनवर कळलं.

तांड्यातल्या बायांचंही फारसं वेगळं नव्हतं. माणसं उन्हाळ्यातच घरी निवांत असतात, त्यामुळे लेकरं माघ-फाल्गुनात होतात, म्हणजे उसाच्या फडावर. हिरीबाईचा मुलगाही तिथंच, पाचटाच्या झोपडीत, कोपीत झाला होता. बारशाआधीच गेला. कारखान्याच्या मागच्या ओढ्याकाठी पुरला. त्यानंतर तिला दिवस राहिले नाहीत. वगार मेल्याचा फोन आला त्या दिवशी तिनं कोयता खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत उचलला नाही. धरमसिंग एकट्यानं तोडत राहिला.

त्या हिवाळ्यात म्हैस रेड्याकडे नेऊन भरवायचीही राहून गेली. धुरपताबाईला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. म्हैस रात्री ओरडली असेल, सोट, माजाचा चिकट स्राव, गळली असेल, म्हातारीच्या ध्यानात आलं नाही. हिरीबाई परतली तेव्हा म्हैस रिकामी होती, आणि सगळा उन्हाळा तिनं माजाची एकही खूण दाखवली नाही. धरमसिंग म्हणाला, विकून टाकू. हिरीबाई नको म्हणाली आणि आषाढ लागताना मेडशीहून जनावरांच्या डॉक्टरला बोलावून आणलं.

डॉक्टरचं नाव पवन. वयानं लहान, पण मन लावून काम करणारा. त्यानं म्हैस तपासली, आत काही दोष नाही म्हणाला. मग तो दावणीशी बसून समजावत राहिला. म्हशीला दिवस मोठे असले की माज येत नाही, आला तरी मुका असतो, बाहेर दिसत नाही. दिवस लहान होऊ लागले, रात्र वाढली, की डोळ्यांवाटे ते तिच्या मेंदूला कळतं. मेंदूतली एक बारीक गाठ अंधारात रस सोडते. रात्र लांबली की रस जास्त वेळ सुटतो, आणि त्यावरून शरीराला समजतं की वेळ आली. म्हणून म्हशी थंडीत फळतात आणि पावसाळा सरताना व्यातात, तेव्हा बांधाबांधावर हिरवं असतं, डबक्यांत पाणी असतं.

हिरीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं की हे बदलता येईल का. आत्ता भरवली तर म्हैस वैशाखात व्याईल आणि तेव्हा ती स्वतः घरी असेल.

आत औषध ठेवून, इंजेक्शन देऊन माज आणता येतो, पण उन्हाळ्यातलं वेत धोक्याचं असतं, असं पवननं सांगितलं.

"म्हैस मी माजावर आनतो, वहिनी," तो म्हणाला. "पन वैशाखात हिरवा चारा कुठून आनू?"

"चारा मी पाहून घेईन," हिरीबाई म्हणाली. "एक वेत माह्या हातानं होऊ द्या."

औषध लागू पडलं. म्हैस फळली. दिवाळीनंतर ट्रकमध्ये चढताना पहिल्यांदाच हिरीबाईला मागचा घोर नव्हता. फडावर तिनं बायांना सांगितलं की यंदा म्हैस आपली वाट पाहून राह्यली.

परतली तेव्हा विहीर तळाला गेली होती. तांड्याखालचा तलाव चैत्रातच आटला. कोठ्यात सोयाबीन-तुरीचं कोरडं कुटार तेवढं होतं. हिरीबाई टँकरच्या पाण्यातून आपल्या वाटणीचं अर्धं म्हशीला पाजी, ओली पोती तिच्या पाठीवर टाकी. पोती बघता बघता वाळत. म्हैस तोंड उघडं ठेवून धापा टाकी.

वैशाखात भर दुपारी ती व्याली. हिरीबाईनं वगार हातांवर घेतली, नाक पुसलं, कासेला लावली. कासेत चीक थोडाच होता. वगार तीन दिवस जगली. उभी राहिली होती, हिरीबाईचं बोट चोखत होती. चौथ्या दिवशी तिचं अंग तव्यासारखं तापलं. पवन आला, सलाइन लावलं. सलाइन संपायच्या आत वगार गेली. त्यानं सुई काढली, नळी गुंडाळून ठेवली. उन्हाळ्यातल्या वेताचा धोका त्यानं आधीच सांगितलेला होता, पण ते त्यानं बोलून दाखवलं नाही. हिरीबाईनंही त्याला दोष दिला नाही.

"माह्याच हातात होती," ती धुरपताबाईला म्हणाली. "तरी गेली."

म्हातारीनं तिला जवळ ओढून घेतलं.

म्हशीचं दूध महिन्याभरात आटलं. पुन्हा औषध देऊ का, असं पवननं विचारलं, तेव्हा हिरीबाईनं नकारार्थी मान हलवली. नवरात्रात तिनं स्वतःच धरमसिंगला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. किन्हीराजाचे पुंजाजी आले. बारमाही घरी असणारे शेतकरी, विहिरीला पाणी, घरात माणसं. दावं सोडताना हिरीबाईनं पुंजाजींना एवढंच सांगितलं की ही ओळखीच्या बाईमाणसालाच धार देते, घरातल्या एकाच बाईनं धारेला बसत जावं.

माघात फडावर धुरपताबाईचा फोन आला. धरमसिंगनं तो हिरीबाईच्या कानाला लावला, तिचे हात उसाच्या कुसांनी भरलेले होते. पुंजाजी बाजारात भेटले होते, म्हातारी सांगत होती. म्हैस मार्गशीर्षात आपणहून माजावर आली, औषध लागलं नाही, रात्रभर ओरडत होती. आता गाभण आहे. आश्विनात व्याईल.

"चांगलं झालं," हिरीबाई म्हणाली.

ट्रॅक्टर बांधाला लागला होता. तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि फळीवरून ट्रॉलीवर चढायला लागली.